३१० हा आकडा चांगला की वाईट? दम्याचा पीक फ्लो आणि ओढ्याचा पीक फ्लो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाटण तालुक्यात पाणलोटाच्या कामावर असलेले एक जण, वय ३८, नुकताच दमा निघालाय. डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर हातात दिला आणि म्हणाले तुमचा पीक फ्लो कमी येतोय, ३१० आहे, वाढला पाहिजे. आणि हे ज्या प्रोजेक्टवर आहेत त्याच्या रिपोर्टात उद्दिष्ट लिहिलंय की झाडं लावून आणि चर खोदून ओढ्याचा पीक फ्लो कमी करायचा. मग कमी चांगला की जास्त, दोन्हीकडे एकच गोष्ट मोजतात का, आणि ३१० ला घाबरायचं का, असं त्यांनी विचारलंय.

मी सांगलीत छातीच्या आजारांची प्रॅक्टिस करते, बरीच वर्षं झाली, आणि आमचे मिस्टर जलसंपदा खात्यातून रिटायर झालेत, सगळी नोकरी कृष्णा-कोयनेच्या पाण्याचे हिशोब करण्यात गेली. त्यामुळे आमच्याकडे हे दोन्ही पीक फ्लो जेवताना सुद्धा चालू असतात. खालचा पाण्याचा भाग त्यांना वाचून दाखवलाय, छातीचा माझा.

आधी सरळ उत्तर. मोजायची गोष्ट दोन्हीकडे एकच आहे, ठराविक वेळात किती गेलं, आणि त्यातला सगळ्यात वरचा क्षण. तुमचे ३१० म्हणजे मिनिटाला ३१० लिटर या वेगाने बाहेर आलेली हवा, सेकंदाला साधारण पाच लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, म्हणजे तुमची जोरातली फुंक क्युसेकच्या पाचव्या हिश्श्यालाही जरा कमीच पडते. आता यात एक गोष्ट लक्षात घ्या की तुम्ही मिनिटभर फुंकत नाही, एवढी हवा छातीत मावत पण नाही, फुंक सुरू झाल्यावर पहिल्या सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास जो वेग गाठला तो मिनिटाच्या मापात सांगितलेला असतो. ओढ्याचं पण तसंच. पूर आला तेव्हा सगळ्यात जास्त जो प्रवाह गेला, मग तो दहा मिनिटं का टिकेना, तो त्याचा पीक. एकूण किती पाणी गेलं हा वेगळा प्रश्न, त्याच्याकडे नंतर येते कारण सांगलीकरांना तो फार महागात पडलाय.

मग दिशा उलटी का? फरक असा आहे की मीटरमध्ये फुंकताना जोर आपण ठरवलेला असतो, पूर्ण छाती भरून, अंगातला सगळा जोर लावून. जोर दरवेळी तोच, त्यामुळे आकडा खाली आला की त्याचा अर्थ एकच उरतो, श्वासनळ्या आतून आवळल्यात, सुजल्यात, नाहीतर कफाने भरल्यात. म्हणजे आपण नळी किती मोकळी आहे ते तपासतोय. ओढ्यात जोर आपल्या हातात नाही, तो पावसाचा, आणि तिथे नळी तपासायची नसते, डोंगराने अंगावर पडलेलं पाणी किती घाईने सोडून दिलं ते तपासायचं असतं. डोंगराने घाई केली की पीक वर जातो आणि खालची ताली, रस्ता, मोरी सगळं घेऊन जातो. म्हणून छातीत जास्त आकडा बरा आणि ओढ्यात कमी.

आता तुमच्या ३१० कडे येऊ. नुसत्या ३१० वरून मला काहीही सांगता येत नाही, आणि कोणी सांगत असेल तर जरा जपून ऐका. तुमचा स्वतःचा सगळ्यात चांगला आकडा, ज्याला आम्ही पर्सनल बेस्ट म्हणतो, तो जर ३३० असेल तर ३१० म्हणजे ९४ टक्के, निवांत कामाला जा. पण तो ४८० असेल तर ३१० म्हणजे ६५ टक्के झाले, आणि मग हे साधं दुखणं नाहीये, नळ्या बऱ्यापैकी आवळलेल्या आहेत. मीटरच्या डब्यात उंची आणि वयाप्रमाणे एक तक्ता येतो, त्यातले बरेचसे तक्ते ब्रिटिश लोकांच्या मापावरून केलेले आहेत, आपल्याकडच्या माणसाला ते आकडे बऱ्याचदा जास्त पडतात आणि पेशंट उगाच हबकून जातो. सुरुवातीला अंदाज म्हणून तक्ता ठीक आहे, पुढे तुमचा बेस्ट हाच तुमचा तक्ता.

बेस्ट काढायचा कसा, तर औषध नीट सुरू होऊन दमा आटोक्यात आला की दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकायचं, त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. तुम्हाला आत्ताच निदान झालंय, छाती अजून भरलेली आहे, त्यामुळे आजच्या ३१० ला बेस्ट समजून त्याचे ८० टक्के काढत बसू नका, ते चुकीच्या पायावर घर बांधणं होईल. महिना दोन महिन्यांनी खरा आकडा कळेल. समजा तो ४५० निघाला, तर ३६० च्या, म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांच्या वर हिरवा पट्टा, रोजचं औषध चालू ठेवा. ३६० ते २२५ मधला पिवळा, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्लॅनमध्ये औषध वाढवायचं जे सांगितलं असेल ते करा आणि त्यांना फोन करा. २२५ च्या, म्हणजे निम्म्याच्या खाली लाल, प्लॅनमधलं तातडीचं औषध घ्या आणि लगेच दवाखाना गाठा, सकाळ होण्याची वाट बघू नका. आणि डॉक्टरांनी प्लॅन कागदावर लिहून दिला नसेल तर मागून घ्या, हक्काने मागा, तोंडी सांगितलेलं रात्री तीन वाजता कुणाच्या लक्षात राहत नाही.

फुंकायची पद्धत सांगते कारण निम्मे चुकीचे आकडे तिथेच तयार होतात. उभं राहायचं, काटा खाली शून्याला आणायचा, तोंडातलं तंबाखू सुपारी काय असेल ते थुंकून यायचं, मग छाती पूर्ण भरेपर्यंत श्वास घ्यायचा, न थांबता ओठ नळीभोवती घट्ट लावायचे आणि एकदम, झटक्यात, जेवढा जोर आहे तेवढ्याने फुंकायचं. लांबलचक फुंकून छाती रिकामी करायची गरज नाही, पहिल्या झटक्यालाच आकडा ठरलेला असतो, पुढची सगळी मेहनत वाया. तीनदा करायचं आणि तिन्हीतला मोठा लिहायचा, सरासरी काढायची नाही. मोठे दोन आकडे एकमेकांच्या ४० च्या आत आले पाहिजेत, नाही आले तर कुठेतरी जोर कमी पडलाय. बोट काट्याच्या खाचेवर आलं की काटा अडकतो आणि आकडा कमी येतो. जीभ आणि गाल वापरून थुंकल्यासारखा झटका दिला की आकडा खोटा वर जातो, शाळकरी पोरं हे फार लवकर शिकतात, घरी वडील खूश आणि पोरगं इकडे धापा टाकतंय. पाच-सहा वर्षांच्या खालच्या पोरांना हे नीट जमतच नाही, त्यांच्यामागे लागू नका.

मीटर पण एकच ठेवा. जुन्या राइट स्केलचे आणि नंतर आलेल्या इयू (युरोपियन) स्केलचे, दोन्ही प्रकारचे मीटर घरोघरी असतात, एकाच माणसाचा एकाच दिवशीचा आकडा दोन्हीवर वेगळा येतो. राइट म्हणजे मार्टिन राइट, १९५० च्या दशकात ज्या ब्रिटिश डॉक्टरने हे यंत्र काढलं ते, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला फुंकायला लावतात ना त्या यंत्रावरही याच माणसाचं काम आहे. तर चुलत्याचा मीटर आणून तुमच्या वहीत आकडे मिसळू नका.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, सकाळ आणि संध्याकाळ. दम्याच्या माणसाच्या नळ्या पहाटे सगळ्यात जास्त आवळलेल्या असतात, म्हणून रात्री तीन-चारला उठून खिडकीशी बसणारी माणसं. तुम्ही संध्याकाळी कामावरून आल्यावर फुंकलं, ४२० आलं, वाटलं झकास, पण सकाळी तेच ३४० असतं. फरक ८०, दोन्हीची सरासरी ३८०, म्हणजे २१ टक्के वरखाली. अशी रोजची टक्केवारी काढून एक-दोन आठवड्यांची सरासरी मोठ्या माणसात १० च्या वर आणि लहान मुलांत १३ च्या वर गेली तर ते दम्याच्या बाजूचं लक्षण धरतात. निरोगी माणसाचं पण थोडं वरखाली होतं, पण एवढं नाही. म्हणून दिवसातून एकदा, आठवण आली तेव्हा फुंकलेला आकडा मला फारसा उपयोगी नाही. सकाळी उठल्यावर, पंप (इनहेलर) घेण्याच्या आधी, आणि संध्याकाळी त्याच वेळेला, असं लिहा.

आणि हे वहीत लिहा, तुमच्या मनाला विचारून नको. बऱ्याच जणांना अंगवळणी पडलेलं असतं, ६० टक्क्यांवर आलेला माणूस मला काय नाय झालं म्हणत समोर बसलेला असतो, कारण नळ्या हळूहळू आवळत गेल्या की शरीर बोंब मारत नाही. मीटर दोन-चार दिवस आधी सांगतो. उलटं पण खरं आहे, मीटर मोठ्या नळ्यांचं जास्त बोलतो, बारीक नळ्यांचं कमी, त्यामुळे आकडा बरा पण जिना चढताना धाप, झोपेत खोकला, असं असेल तर आकड्याला बाजूला ठेवा आणि त्रासावर विश्वास ठेवा. वाक्य एका दमात पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर, बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय, किंवा आधी सूं सूं आवाज येत होता आणि आता छातीतून आवाजच येत नाही पण माणूस दमलाय, झोपाळलाय, तर मीटर शोधत बसू नका, प्लॅनमधला पंप स्पेसरला (पंपापुढे लावायच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्याला) लावून द्या आणि १०८ ला फोन करा.

एक वही मला अजून आठवते. हळद पावडरच्या गिरणीत कामाला असलेला माणूस, दोन-तीन ठिकाणी ब्राँकायटिस म्हणून औषध झालेलं. त्याला सांगितलं कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी, दिवसातून चार वेळा फुंक आणि लिही. पोराच्या गणिताच्या चौकटीच्या वहीत त्याने लिहिलं, पेन्सिलीने टिंबं जोडून रेघ पण काढली, मी सांगितलं नव्हतं. सोमवारी सकाळी ३७०, मग रेघ रोज थोडी थोडी खाली, शनिवारी संध्याकाळी २८०, रविवारी सुट्टी, सोमवारी परत वर. एक्सरे क्लिअर होता, तपासण्या नॉर्मल होत्या, आणि त्या रेघेने दोन मिनिटांत सांगितलं की दुखणं घरात नाही गिरणीत आहे. आपल्या भागात अशा जागा भरपूर आहेत, बेदाण्याच्या शेडमधली गंधकाची धुरी, विट्याकडचे यंत्रमाग, पोल्ट्री, गुऱ्हाळाचा धूर, कारखान्याचा बगॅसचा भुसा, आणि ऊस गेल्यावर पाचट पेटवतात ते. तुम्ही डोंगरात फिरता, गवत, परागकण, वणव्याचा धूर, साइट ऑफिसच्या भिंतीची ओल, यातलं नक्की काय ते वही सांगेल, म्हणून आकड्याशेजारी त्या दिवशी कुठे होता तेवढं दोन शब्दांत लिहा.

पंपाची सवय लागते वगैरे ऐकलं असेल. रोजचा जो स्टेरॉइडचा पंप असतो त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि तो सूज उतरवतो, तोच खरा इलाज. निळा पंप म्हणजे साल्ब्युटामॉल, तो नळी तेवढ्यापुरती उघडतो, सूज तशीच. नुसत्या निळ्या पंपावर दमा काढू नये हे आता जगभरच्या गाइडलाइनमध्ये, २०१९ पासून, स्पष्ट लिहिलंय. तुम्हाला दिलेला कुठला आहे ते चिठ्ठीवर बघा, आणि शंका असेल तर दिलेल्या डॉक्टरांनाच विचारा, मी इथून बदलायला सांगणार नाही.

आता ओढा. इथे मिस्टर शेजारी येऊन बसलेत.

जंगल पीक कमी करतं हे खरं आहे, पण कुठल्या पावसात आणि केवढ्या ओढ्यात हे विचारल्याशिवाय ते वाक्य रिपोर्टात टाकू नका, असं त्यांचं म्हणणं. जंगल करतं काय, तर थोडा पाऊस पानांवर अडतो आणि तिथूनच वाळतो, खाली पालापाचोळा आणि मुळांच्या वाटा असल्याने पाणी वरून पळण्याऐवजी मातीत जातं, आणि आधीच्या कोरड्या दिवसांत झाडांनी मातीतलं पाणी पिऊन आत जागा करून ठेवलेली असते. पीकच्या हिशोबाला तुम्ही रॅशनल फॉर्म्युला वापरत असणार, रनऑफचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून जातो तो) गुणिले पावसाची तासाची मिलिमीटरमधली तीव्रता गुणिले हेक्टर, भागिले ३६०. समजा ६० हेक्टरचा ओढा, पाऊस तासाला ६० मिलिमीटर. उघड्या, गुरांनी तुडवलेल्या डोंगराला गुणांक ०.६ धरला तर ६ क्युमेक्स, म्हणजे सेकंदाला ६ घनमीटर, येतात, बऱ्या जंगलाला ०.३ धरला तर ३. निम्मा. म्हणजे २०० च्या वर क्युसेकची जागा १०० च्या आसपास क्युसेकने घेतली, तुमच्या खालच्या मोरीसाठी हा जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हे जूनच्या पहिल्या वळवात, मृगाच्या पावसात अगदी खरं ठरतं.

पण पाटणचा जुलै तुम्हाला मी काय सांगू. तीन आठवडे सलग पडल्यावर ती माती भिजलेल्या गोधडीसारखी झालेली असते, आणखी ओतलं की तेवढंच खालून गळतं. वर जांभ्याचा सडा, त्यावर वीतभर माती, आत जागाच उरलेली नाही. तेव्हा जंगलाचा गुणांक पण ०.३ राहत नाही, वर सरकत जातो, आणि जंगल आणि उघडा डोंगर यातला फरक कमी कमी होत जातो. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला, त्याच दिवसांत तुमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी येऊन माणसं गेली. एवढ्या पावसापुढे झाडांनी पीक निम्मा केला असता असं लिहिणं म्हणजे लोकांना खोटा धीर देणं आहे. जगात याच्यावर जोडीच्या पाणलोटांचे प्रयोग झालेत, दोन सारखे ओढे घ्यायचे, एकातलं जंगल तोडायचं, दुसऱ्यातलं ठेवायचं, आणि वर्षानुवर्षं मोजायचं. अमेरिकेत कोवीटाला १९३४ पासून हे काम चालू आहे. अशा प्रयोगांतून साधारण हेच निघालं की छोट्या ओढ्यात आणि लहान-मध्यम पावसात जंगलाचा परिणाम ठळक दिसतो, पाऊस आणि पाणलोट दोन्ही मोठे होत गेले की तो पुसट होत जातो. किती पुसट, यावर ओरेगॉनमधल्या आकड्यांवरून शास्त्रज्ञांची १९९० च्या दशकात चांगली जुंपली होती.

त्याच प्रयोगांतून दुसरी गोष्ट निघाली ती आपल्याकडे कुणाला ऐकायची नसते, जंगल वाढलं की ओढ्यातून वर्षभरात जाणारं एकूण पाणी बहुतेक ठिकाणी कमी होतं, कारण झाडं पाणी पितात. मातीच धुऊन गेलेला डोंगर असेल तर तिथे पाणी परत जिरायला लागून उन्हाळ्यातला झरा सुधारू शकतो, ते वेगळं, पण झाडं लावली की झरे वाहिलेच असं सरसकट लिहू नका.

आणि जंगल म्हणजे नुसती झाडं मोजायची नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागून पाचोळा गेलेला असेल तर वरून हिरवं दिसणारं रान पहिल्या पावसात उघड्या डोंगरासारखंच वागतं. जंगलात काढलेला कच्चा रस्ता तर त्याहून वाईट, डोंगराच्या आत हळू चालणारं पाणी रस्त्याच्या कापावर बाहेर पडतं, गटाराला लागतं आणि सरळ ओढ्यात, म्हणजे तुम्ही ओढ्याची लांबी फुकट वाढवून दिली. पवनचक्क्यांसाठी पठारावर रस्ते झालेत तिकडे मोऱ्यांची तोंडं कुठे सोडलीत ते एकदा भर पावसात बघून या, रेनकोट आणि पंप दोन्ही घेऊन.

मोठ्या पाणलोटाचं गणित वेगळं का, ते आपल्याच भागासाठी केलेल्या एका सूत्रात छान दिसतं. खडकवासल्याच्या संशोधन केंद्राचे क्लॉड इंग्लिस, त्यांचं सह्याद्रीच्या पाणलोटांसाठीचं पुराचा पीक काढायचं सूत्र, १२४ गुणिले क्षेत्रफळ, भागिले (क्षेत्रफळ अधिक १०.४) या बेरजेचं वर्गमूळ. १० चौरस किलोमीटरला साधारण २७५ क्युमेक्स येतात, १०० चौरस किलोमीटरला साधारण ११८०. क्षेत्र दहापट, पीक मात्र सव्वाचार पट. कारण सगळ्या ओढ्यांचे पीक एका वेळी एका जागी पोचत नाहीत. तुमचं काम तिथेच आहे खरं तर, चर, ताली, पाचोळा हे पाणी थोडा वेळ धरतात, पीक बुटका होतो आणि उशिरा येतो, खालच्या वाडीला तेवढा वेळ मिळतो. फक्त उशीर झाला की चांगलंच होतं असंही नाही, एकाचा उशिरा आलेला पीक दुसऱ्याच्या वेळेवर आलेल्या पीकाला जाऊन मिळाला तर संगमावर जास्तच होतं. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते आणि हरिपूरला वारणा, तिथे कोण कधी पोचतं यावर सांगलीची रात्र ठरते, धरणाचा विसर्ग सोडताना इंजिनियर लोकांचा सगळा जीव त्या तासांत अडकलेला असतो.

आणि आता ते एकूण पाण्याचं. इथे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, पण गावाची कंबर मोडली ती नुसत्या उंचीने नाही, पाणी आठवडाभर हललंच नाही त्याने. लाख क्युसेक एक दिवस वाहिले तर ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) होतात, कोयनेची सगळी क्षमता १०५.२५ टीएमसी, मग सलग इतके दिवस सगळ्या डोंगरावर पडलेलं पाणी कुठे आणि किती अडवणार, तुमच्या चरांत ते मावणार नव्हतं. पुलावरचे फूट आणि प्रवाहाचे क्युसेक हे पण एक नाहीत. पात्र गाळाने आणि बांधकामाने आवळलं की तेवढ्याच क्युसेकला फूट जास्त येतात. मला यात माझाच विषय दिसतो, नळी आवळली की त्रास वाढतो, फक्त नदीत मीटरचा आकडा खाली येत नाही, पाणी वर येतं. पूर ओसरल्यावर ओल्या भिंतींना बुरशी धरली आणि त्या हिवाळ्यात माझ्याकडच्या पेशंटच्या वह्यांमधल्या रेघा खाली गेलेल्या होत्या, तेव्हा दोन्ही विषय एकाच टेबलावर आले.

तर रिपोर्टात पीक फ्लो कमी करणे एवढंच न लिहिता कुठल्या ओढ्याचा, किती हेक्टरचा, तासाला किती पावसाला, आणि आधीचा आकडा काय, हे लिहा. ओढ्याचा पण पर्सनल रेकॉर्ड लागतो, तुमच्याकडे काम सुरू होण्याआधीच्या एक-दोन पावसाळ्यांची नोंद नसेल तर नंतर काय कमी झालं ते कशाशी ताडून बघणार. मोरीजवळ पक्क्या दगडावर रंगाने फुटांच्या खुणा करा, गावातल्या एकाला पुराची सगळ्यात वरची रेघ आणि वेळ लिहायला सांगा, जवळ एक तासावारी नोंद करणारं पर्जन्यमापक बसवा, दिवसाचा एकूण पाऊस इथे कामाचा नाही. मिस्टरांचं म्हणणं, हे तीन केलं की तुमचा रिपोर्ट बाकीच्या दहा रिपोर्टांच्या पुढे जाईल.

आणि स्वतःसाठी, उद्या सकाळपासून वही सुरू करा, सकाळ-संध्याकाळ, तीनातला मोठा आकडा, शेजारी कुठे होता ते. आत्ता ३१० ला बसून जर धाप नाही, बोलताना थांबावं लागत नाही, रात्री झोप लागते, तर घाबरायचं काम नाही, पण डॉक्टरांनी वाढला पाहिजे म्हटलंय तर रोजचा पंप चुकवू नका. ३१० चा २५० झाला किंवा रात्री उठावं लागायला लागलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दाखवा. जाताना वही, मीटर आणि पंप तिन्ही पिशवीत टाका, आणि डॉक्टरांसमोर एकदा मीटर फुंकून आणि एकदा पंप घेऊन दाखवा, पंप घ्यायची पद्धत चुकत असेल तर औषध जिभेवरच राहतं आणि आकडा हलत नाही, मग लोक औषध बदलत बसतात.